आधी कोपराला विचारा!

चार वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही. पहाटेचे साडेचार वाजले होते. धाकट्या चिरंजीवांनी दारात कारीट फोडून 'गोविंदा, गोविंदा' अशी आरोळी ठोकली होती आणि शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांची झोपमोड केली होती. न्हाणीघरात पाणी तापले होते. पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल, दुसऱ्या वाटीत बाजारातून आणलेले घमघमीत उटणे. थोरली पाटावर बसली. मी तिला तेल लावले, उटणे लावले, आणि ते चेहऱ्यावरून फिरवते न फिरवते तोच ती किंचाळली, "आई, जळतंय गं!"

मी म्हटले, "थोडं चुरचुरतंच. सोस जरा."

हे वाक्य मी का बोलले, याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ वेळा केला आहे.

त्याआधीची हकीकत सांगितली पाहिजे. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. तान्हेपणापासून तिची कातडी नाजूक. थंडी पडली की कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत खरखरीत चट्टे उठायचे, रात्री झोपेत ती खाजवायची. त्यात वयाप्रमाणे चेहऱ्यावर मुरमे आली. वसुबारसेला आमच्या आत्तेसासूबाई आल्या. त्यांनी पोरीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, 'अगंबाई!' म्हणाल्या आणि लगेच उपाय सांगितला : लिंबाचा रस, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि आंबेहळद. "दिवाळी संपायच्या आत चेहरा लख्ख होतो की नाही बघ. सगळं घरचं, नैसर्गिक. तुमच्या त्या डबीतल्या औषधांसारखं नाही!"

मी मराठीची प्राध्यापिका. वर्गात मुलांना शब्दाला शब्द पारखून घ्यायला शिकवते. पण 'घरचं' आणि 'नैसर्गिक' हे दोन शब्द मी अजिबात पारखले नाहीत. तीन दिवस तो लेप इमानेइतबारे लावला आणि चौथ्या दिवशी त्यावर उटणे चोळले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिचा चेहरा सुजून लाल झाला होता, गालांची सालटे निघत होती. सणाचा दिवस असूनही एक त्वचारोगतज्ज्ञ भेटले. त्यांनी विचारले, "काय लावलंत?"

मी अपराधीपणाने म्हटले, "काही नाही हो डॉक्टर, घरचंच. नैसर्गिक."

ते मान वर न करता म्हणाले, "बिब्बासुद्धा नैसर्गिकच असतो, बाई."

भाऊबिजेला मुलगी खोलीतून बाहेर आली नाही. भावाने ताट घेऊन आत जाऊन, अंधारातच स्वतःला ओवाळून घेतले.

बिब्बा घातला कोणी?

डॉक्टरांचे ते एक वाक्य मला पुरले. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार मी वर्गात किती वेळा समजावून दिला असेल! कोणाच्या चांगल्या कामात मोडता घालणे, हा त्याचा अर्थ. पण बिब्ब्याच्या फळातले काळे तेल अंगाला लागले की फोड येतात, हे त्यामागचे साधे सत्य मी बाजूला ठेवले होते. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला हेच तेल वापरत. ते धुऊन जात नसे, म्हणून. आणि अशा खुणेचा कपडा घातल्याने मानेवर किंवा कमरेवर पुरळ उठलेली माणसेही असत.

हा बिब्बा, आपला आंबा आणि काजू ही तिन्ही एकाच कुळातली झाडे. आंब्याचा चीक ओठाला लागून फोड आलेला नाही असा मुलगा कोकणात सापडणे कठीण. कच्च्या काजूच्या टरफलातले तेल तर बोटांची सालटे काढते. तरी आंबा, काजू, बिब्बा यांच्याइतके नैसर्गिक काय असणार?

पुण्याच्या वाचकांना आणखी एक उदाहरण पटेल. १९५५च्या सुमारास तिकडे एक नवे तण नजरेत भरू लागले : पांढऱ्या बारीक फुलांचे, गाजराच्या पाल्यासारख्या पानांचे. लोकांनी त्याला गाजर गवत म्हटले, कोणी काँग्रेस गवत म्हटले. पुढे ते देशभर पसरले. त्याच्या नुसत्या संसर्गाने माणसांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर असा इसब उठू लागला की १९७४ साली वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. हे गवत आणि शेवंती एकाच मोठ्या कुळातली. त्यामुळे गाजर गवताने एकदा ज्याची कातडी बिथरली, त्याला कधी कधी देवाच्या हारातली शेवंतीही चालत नाही!

तात्पर्य, निसर्ग म्हणजे आपल्या लाडाकोडाची मावशी नव्हे. झाडाला आपले रक्षण करायचे असते. त्यासाठी त्याच्याजवळ चीक आहे, तेल आहे, आम्ल आहे. ते माणसाच्या गालासाठी निर्माण झालेले नाही.

विटा आणि चुना

मग कातडीचे बिघडते काय? डॉक्टरांनी मला ते एका कागदावर काढून दाखवले. त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्यातल्या मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. ही भिंत आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू, धूळ, तिखट-आंबट आत येऊ देत नाही. ज्याची भिंत मजबूत, त्याला काहीही लावा, तो हसत असतो. ज्याच्या भिंतीचा चुना मुळातच कमी, त्याला साधी लोकरी शालही टोचते.

ही उणीव बहुतेकदा जन्माची असते. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्यांना इसब होण्याचा धोका बराच जास्त असतो. हे प्रथिन त्वचेची भिंत बांधायला आणि तिच्यात ओलावा धरून ठेवायला लागते. म्हणजे आमच्या मुलीची खाज 'रक्त बिघडल्याने' नव्हती आणि 'उष्णतेने'ही नव्हती. पोरीची भिंतच जरा विरळ होती, आणि मी त्या भिंतीवर आळीपाळीने लिंबू आणि सोडा ओतत होते.

शाळेच्या विज्ञानात 'सामू' नावाची मोजपट्टी असते. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, साधारण ५च्या आसपास. लिंबाच्या रसाचा सामू २च्या जवळ, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा ८च्या वर, साध्या साबणाचा ९ ते १०. आता या तिघांच्या मारामारीत मधली कातडी काय करणार? शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्ये असतात की ती अंगावर असताना ऊन लागले तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. उजळ व्हायला लावलेले लिंबू काळा डाग देऊन जाते! आमच्याकडे तेच झाले. सूज महिन्याभरात गेली, पण गालावरचे डाग फिके व्हायला पुढची दिवाळी उजाडली.

आजीचे खरे शास्त्र

म्हणून काय आजीबाईचा बटवा अरबी समुद्रात बुडवायचा? मुळीच नाही! मी त्यानंतर हौसेने हा विषय वाचला, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून भंडावले, तेव्हा लक्षात आले की आजीचे जे खरे शास्त्र होते ते आपण विसरलो, आणि जे तिने कधी केले नसते ते तिच्या नावावर खपवतो आहोत.

अभ्यंगस्नानाचाच क्रम पाहा. आधी तेल, मग उटणे, मग कोमट पाणी. थंडीच्या तोंडावर कातडी कोरडी पडू लागते, नेमका तेव्हाच हा सण येतो. तेल अंगात मुरल्यावर डाळीचे पीठ वरचे जास्तीचे तेल आणि मळ तेवढा काढून नेते, थोडा स्निग्धपणा मागे ठेवते. नाजूक कातडीला याहून वेगळे काय हवे असते? मात्र आजीचे उटणे म्हणजे घरी दळलेली मसुराची डाळ आणि मोजक्या मुळ्या. आजच्या पाकिटात वासासाठी आणि रंगासाठी आणखी काय काय असते, ते पाकिटालाच ठाऊक. आणि वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, संत्र्याची साल ही मंडळी कितीही सुगंधी असली तरी चट्टे उठलेल्या अंगाला सुगंध हाच पुष्कळदा शत्रू असतो.

खोबरेल तेलाची गोष्ट अशीच. २०१४ साली फिलिपाईन्समधल्या डॉक्टरांनी इसब असलेल्या मुलांवर प्रयोग करून पाहिला, तेव्हा खनिज तेलापेक्षा शुद्ध खोबरेल तेलाचा गुण अधिक आला. त्याआधी, २००५ साली, ढाक्याच्या रुग्णालयातला एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. फार लवकर जन्मलेल्या अर्भकांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावल्यावर रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झाले. एवढ्याशा तेलाने! पण म्हणून कुठलेही तेल चालते असे नाही. २०१३ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ऑलिव्हच्या तेलाने कातडीची भिंत उलट कमकुवत झालेली दिसली. मोहरीचे तेल तर नाजूक अंगाला झोंबतेच. आणि खोबरेल तेल हातापायांना कितीही चांगले असले तरी मुरमे असलेल्या चेहऱ्यावर ते थापू नये. रंध्रे बुजतात आणि मुरमे वाढतात.

कोकणातून आणि गोव्यातून येणारे कोकमाचे तेल, म्हणजे भिरंडेल, हे माझे आवडते औषध. ते थंडीत दगडासारखे घट्ट होते. गोळा किंचित गरम करून रात्री टाचेच्या भेगांत भरावा आणि वर जुना मोजा घालावा. आठवडाभरात टाच जमिनीला टेकवताना तोंड वाकडे होत नाही.

कोरफडीचा गर थंडावा देतो, हेही खरे. पण पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक येतो तो आधी निथळून आणि धुऊन काढला पाहिजे, कारण खाज त्याची येते. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला ठीक. कोरड्या कातडीला ती उरलासुरला ओलावाही शोषून घेते.

आणि हळद! तिच्याविरुद्ध बोलायचे म्हणजे घरात बंड होईल. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करवून घेतले. आपल्या सर्वांना तेव्हा अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. पण त्या निकालाने एवढेच ठरले की हळदीचा हा उपयोग आपल्याकडे जुना आहे. ती प्रत्येकाच्या कातडीला मानवते, असे काही त्यात ठरले नव्हते. हळदीनेही पुरळ उठणारी माणसे असतात. कुंकवाखालचे मेण गेले आणि टिकलीचा गोंद आला, तेव्हा कित्येक बायकांच्या कपाळावर गोल पांढरा डाग पडला, तोही सोसला गेला. 'सोस जरा' हे आपल्याकडे फार स्वस्त औषध आहे.

दुखणे कातडीचे की रंगाचे?

आता थोडे अवघड बोलते. चेहरा बरा झाल्यावर एके संध्याकाळी मुलीने मला विचारले, "आई, तो लेप मुरमांसाठी होता की रंगासाठी?"

मला उत्तर देता आले नाही. आत्तेसासूबाईंच्या तोंडचा 'लख्ख' हा शब्द मला ऐकू आला होता, आणि तो मला आवडला होता. ज्या विठोबाच्या सावळेपणावर आपली भाषा शतकानुशतके जीव टाकत आली, त्याच भाषेत आपण मुलीच्या बाबतीत 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' असे म्हणतो. त्या 'पण'मध्ये किती लिंबे पिळली गेली असतील!

या 'लख्ख'च्या पायी घरचे उपाय थकले की माणसे दुकानात जातात आणि तिथे खरा धोका उभा असतो. ओळखीचा दुकानदार एक नळी देतो. ती लावल्यावर आठ दिवसांत मुरमे मावळतात, चेहरा उजळतो, म्हणून ती मैत्रिणींत वाटली जाते. त्या नळीत असते स्टेरॉइड. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरले तर ते उत्तम औषध आहे. महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोपडले तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नको तिथे लव येते, आणि मलम थांबवताच आग भडकते. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण कायदा कपाटात आणि नळी काउंटरवर, असे दृश्य कोणी पाहिलेले नाही?

गजकर्णाचे तर याने भलतेच झाले. खाज थांबते म्हणून लोक स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावत राहिले, बुरशी आतून पसरत राहिली. नेहमीच्या औषधांना सहसा न जुमानणाऱ्या अशा एका बुरशीला २०२० साली नवे नाव मिळाले : ट्रायकोफायटन इंडोटिनी. आपल्या देशाचे नाव असे मिरवावे, यात भूषण ते काय! गजकर्णावर लसूण ठेचून बांधणारेही आहेत. त्यांना गजकर्णाखेरीज भाजल्याचा फोडही मिळतो.

आणि काही गोरे करणाऱ्या मलमांत पारा सापडतो. तो कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. २०१३च्या मिनामाता कराराने अशी प्रसाधने २०२०पर्यंत बंद करायचे ठरले. पण ज्या डबीवर कारखान्याचा पत्ताच नाही, तिला करार कोण वाचून दाखवणार?

कोपराला विचारायचे म्हणजे काय?

आमच्या घरात आता एक नियम आहे. कोणतीही नवी वस्तू, मग ती बटव्यातली असो की बाटलीतली, आधी कोपराला विचारायची. कोपराच्या आतल्या बाजूला, निरोगी कातडीवर, रुपयाएवढ्या जागी ती दिवसातून दोनदा लावावी. असे आठवडाभर करावे. जे पुढे धुऊन टाकायचे असेल ते इथेही तेवढ्याच वेळाने धुवावे. लाली, खाज, फोड काही नाही, तर मग पुढे जावे. एका वेळी एकच वस्तू. सात जिनसांचा लेप लावल्यावर गुन्हेगार कोण हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

बाकीचे उपाय इतके साधे की सांगायलाही संकोच वाटतो. अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. साबण सौम्य, बिनवासाचा, आणि लागेल तिथेच. अंग टिपून घ्यावे, खसखसून पुसू नये, आणि ते ओलसर असतानाच तेल किंवा साधे व्हॅसलिन लावावे. अंगालगत सुती कपडा. नखे कापलेली. खाज उठली तर थंड पाण्याची ओली घडी.

आणि काही गोष्टी घरी करायच्याच नाहीत. पाणी वाहणारे, पिकलेले चट्टे, अंगभर वेगाने पसरणारे पुरळ, ताप, तान्ह्या बाळाच्या अंगावरचे फोड, यांना डॉक्टरच हवा. तसाच एखादा फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर टोचलेले, गरम-थंड लागलेले कळत नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. एके काळी त्यावर आपल्या सह्याद्रीतल्या कडू कवठीचे तेल हाच काय तो आधार होता. आज तो रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. चट्टा दुखत नाही म्हणून घरी लेप लावत बसणे, हीच त्यातली मोठी चूक.

मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. थंडीत लवणीतले चट्टे अजून उठतात. ते जन्माचे सोबती आहेत, पण आता डोईजड होत नाहीत. डाग गेले. रंग होता तोच आहे, आणि फार छान आहे. गेल्या दिवाळीपासून उटण्याचे खाते तिने माझ्याकडून काढून घेतले आहे. मसुराची डाळ ती स्वतः दळते, त्यात दुसरे काहीही घालत नाही. वास येत नाही म्हणून धाकटा कुरकुरतो.

नरकचतुर्दशीला पहाटे मीच पाटावर बसले होते. तिने माझ्या पाठीला तेल लावले, उटण्याची वाटी हातात घेतली आणि ती मध्येच थांबली.

"आई, कोपराला विचारलं होतंस ना?"

"विचारलं होतं," मी म्हटले.

"मग चुरचुरलं तर सांग हं. सोसायचं नाही."